मेंढरं धुण्याचा डोह

निसर्गाच्या कुशीतल्या एखाद्या मातीच्या खोलीत दोन दिवस राहून तुम्ही आला असाल, तर मला एक सांगा: खोलीच्या खिडकीतून जे पाणी दिसत होतं, त्या पाण्यावर तुमच्याआधी कोण येत होतं, हे तुम्ही कुणाला विचारलंत का?

प्रश्न रागानं विचारते आहे, हे मला कळतं. पण तो पहिल्यांदा मी स्वतःला विचारायला हवा होता आणि विचारला नाही. म्हणून हा राग थोडा तुमच्यावर आणि सगळा माझ्यावर आहे.

परवा पालमहून गावी येताना एसटी मध्येच थांबली. पुढं मेंढरं होती. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला होता आणि मेंढरं त्याला काडीची किंमत देत नव्हती. दिवाळी होऊन आठवडा झालेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, तूर फुलावर आलेली. मेंढरांच्या अंगावरची लोकर इतकी वाढली होती की पोटाखाली गोखरू, कुसळं, वाळका पाला सगळं अडकून लोंबत होतं. मनात आलं, नदीचं पाणी निवळलं असेल. धुण्याचे दिवस आले. आणि मग लगेच आठवलं, धुणार कुठं?

आमचा हा ऋतू पंचांगात नाही. पावसाळाभर वाढलेली लोकर दिवाळीनंतर कातरतात, आणि कातरायच्या आधी मेंढरं नदीत धुतात. एक दिवस धुणं, दोन दिवस वाळणं, मग कातरण. चार-पाच दिवसांचाच सगळा खेळ. पण लहानपण आठवायला बसले की बाकीचं वर्ष त्या चार-पाच दिवसांच्या मागं दाटीवाटीनं उभं राहतं आणि पुढं येत नाही.

नदीला नकाशात नाव आहे. आम्ही नुसतं नदी म्हणतो. तिचे काठ काळ्या मातीचे. पाय ठेवला की घोट्याच्या वर आत जातो. फक्त गावाच्या खालच्या अंगाला एक डोह आहे, तिथं काठावर वाळूचा उतार आहे आणि त्याच काठाला वीस पावलांवर सपाट खडक. मेंढरू वाळूवरून पाण्यात घालायचं, खडकावर बाहेर काढायचं आणि खडकामागच्या गवतावर वाळत ठेवायचं. ओलं मेंढरू काळ्या मातीत एकदा लोळलं की सगळी मेहनत फुकट. म्हणून हा एकच डोह. दुसरा नाही. वर नाही, खाली नाही.

मारोतीमामा छातीएवढ्या पाण्यात उभे असायचे. माझ्या आईचं माहेरही याच गावातलं, म्हणून मामा. ते धनगर, आम्ही बौद्ध, नातं गावाचं. त्या दिवशी पोखर्णीकडचे त्यांचे साडू यायचे, बोरीचा मेव्हणा यायचा, भाऊबंद यायचे, आणि सगळे पाण्यात रांग धरून उभे राहायचे. गळ्यात घंटा बांधलेली पुढारी मेंढी आधी उतरायची. तिचं नाव चांदी. एक चांदी म्हातारी झाली की दुसरीच्या गळ्यात घंटा जायची आणि नावही तिलाच मिळायचं. चांदी उतरली की बाकीची मेंढरं मुकाट्यानं तिच्या मागं. या हातातून त्या हातात, चोळत, दाबत, पिळत मेंढरू पुढं सरकायचं आणि खडकावर चढून अंग झटकायचं, की आम्ही पोरं किंचाळत मागं पळायचो. डोहाचं पाणी बघता बघता चहासारखं व्हायचं. उन्हात मेंढरांच्या पाठीतून वाफ निघायची. ओल्या लोकरीचा तो वास, शहरातल्या माणसाला सहन होणार नाही असा, मला अजून कुठंही ओला स्वेटर दिसला की आठवतो.

पहिल्या मेंढीच्या पाठीवरची चिमूटभर लोकर गयामामी, म्हणजे मारोतीमामांची बायको, उपटून घ्यायची आणि पाण्यावर सोडायची. मी विचारायचे, मामी, हे कशाला? ती म्हणायची, "नदीनं धुतलं, नदीला थोडं." एवढंच. ना मंत्र, ना नारळ.

माझं काम होतं हातात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, घेऊन गवताच्या कडेला उभं राहायचं आणि ओलं मेंढरू काळ्या रानाकडे जाऊ द्यायचं नाही. माझ्या फ्रॉकच्या खिशात मात्र वाचायला काहीतरी असायचं.

"ए मास्तराची, ध्यान कुठं हाय तुजं?" मामा पाण्यातून ओरडायचे. "वाचायलीस का मेंढरं राखायलीस?"

"दोन्ही, मामा."

"मंग दोन्ही बुडतील बघ."

सगळे हसायचे. मीही हसायचे.

खिशात असायचं ते पत्रक. माझे बाबा शाळामास्तर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. रेशनच्या दुकानावर, वसतिगृहाच्या जेवणावर, पोरींना सातवीनंतर घरी बसवण्यावर. दुसरी पोरं चित्रांच्या पुस्तकावरून वाचायला शिकली, मी 'बंधूंनो आणि भगिनींनो'वरून शिकले. घड्या घालणं माझ्याकडे होतं. मधोमध एक घडी, पुन्हा एक, कडेवरून नख फिरवायचं. बाबांचे दोनच नियम होते. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला छापायच्या आधी वाचून दाखवायचं. आणि खाली आपलं नाव टाकायचं. नाव नसलेलं पत्रक म्हणजे अंधारातून मारलेला दगड, असं ते म्हणायचे.

त्या डोहाबद्दल बाबांनी कधी पत्रक काढलं नाही. पण एक गोष्ट ते सांगायचे आणि सांगताना चष्मा काढून हातात धरायचे. त्यांच्या लहानपणी वरच्या घाटावर आमच्या बायांना घागर बुडवू देत नव्हते. खाली हा मेंढरांचा डोह होता, तिथं भरा म्हणायचे. मेंढरं पाण्यात उतरली की पाणी ढवळायचं, मग गाळ बसेपर्यंत बाया घागरी घेऊन उन्हात बसायच्या. मारोतीमामांचे आजोबा लांबून बायांना येताना बघायचे आणि मेंढरं वाळूवर थोपवून धरायचे. तहानलेली मेंढरं, पुढं पाणी, आणि हा माणूस काठी आडवी धरून उभा. "आधी बायायला भरू द्या," म्हणायचा. कुणाच्या इतिहासात हे येणार नाही. याला कुणी क्रांती म्हणणार नाही. पण माझ्या आजीनं निवळ पाणी प्यायलं ते त्या आडव्या काठीमुळं.

हे सगळं मला माहीत होतं. हे माहीत असताना मी जे केलं ते आता सांगते.

तीन वर्षांपूर्वी डोहाच्या काठची पडीक जमीन विकली गेली. घेणारे गृहस्थ जिल्ह्यातलेच, बरीच वर्षं परदेशात राहून परतलेले. आवाज न चढवता बोलणारे. त्यांना तिथं मातीच्या आठ खोल्या बांधायच्या होत्या. मी त्यांना खलनायक करणार नाही, ते सोपं होईल आणि खोटं होईल. त्यांनी एक झाड तोडलं नाही. वीज उन्हाची. प्लास्टिकची बाटली आत न्यायची नाही. सांडपाणी केळीच्या वाफ्यात गाळून मग बागेला. भिंती लिंपायला त्यांनी गावातल्या बाया बोलावल्या, त्यात गयामामी होती. मामीचं स्वतःचं घर आता सिमेंटचं आहे, घरकुल योजनेतलं, आणि त्याच्या फरशीचा तिला केवढा अभिमान. ती कोपरापर्यंत शेणामातीत हात घालून मला म्हणाली, "काहून गं, ह्या खोलीत मोठाली लोकं येऊन ऱ्हानार?"

"हो मामी. नैसर्गिक म्हणतात याला."

"आमी ऱ्हात व्हतो तवा तर कोनी असं म्हनलं न्हाई." आणि मग बाजूच्या बाईला, "घे गं, पातळ कर जरा. नैसर्गिक लय घट्ट झालंय."

त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. ती जागा मला मनापासून आवडली होती. परभणीच्या माझ्या भाड्याच्या खोलीत पत्रे तापायचे, आणि इथं भर दुपारी भिंतीला पाठ लावली तर गार. वाटलं, आपल्या मातीला अखेर कुणीतरी मान दिला.

मालकांना एक पुस्तिका हवी होती. खोल्याखोल्यांतून ठेवायला, शहरातल्या लोकांना पाठवायला. माझं नाव त्यांना कुणीतरी सांगितलं. "लेखिका तुम्हीच ना?" ते म्हणाले. मला तोवर कुणी लेखिका म्हटलं नव्हतं. मास्तराची म्हटलं होतं, मोर्चातली पोरगी म्हटलं होतं. मी आठ पानं लिहिली. तिसऱ्या पानावर मेंढरं होती: चांदी, पाण्यातली रांग, वाफ, नदीला सोडलेली लोकर. मालकांनी शांतपणे वाचलं.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "फक्त हे मेंढरांचं... लोक गर्दीतून सुटून येणार. त्यांना वाटायला हवं की आपण पहिलेच आलो."

खोटं लिहा, असं ते म्हणाले नाहीत. मेंढरांचं मीच काढलं. त्या जागी जे लिहिलं त्याला पाच मिनिटं लागली: 'या डोहाला अजून माणसाचा पाय लागलेला नाही. इथं पाणी फक्त स्वतःशी बोलतं.' लिहून झाल्यावर मी ते मोठ्यानं वाचलं आणि मला ते आवडलं. लाज वाटावी अशी गोष्ट हीच आहे. मी दबावाखाली लिहिलं नाही, गरजेपोटी लिहिलं नाही. वाक्य छान झालं म्हणून ठेवलं. मामांना वाचून दाखवलं नाही. खाली नाव टाकलं नाही, मालकांनी विचारलं होतं तरी. मनात कुठंतरी ठाऊक असणारच.

पुस्तिका छापून आली ती बिया घातलेल्या जाड कागदावर. मागच्या पानावर सूचना: वाचून झाल्यावर मातीत पुरा, तुळस उगवेल. बाबांचं पत्रक दोन दिवसांत भज्यांच्या तेलानं माखायचं. मला वाटलं, बघा, आपण किती पुढं आलो.

गेल्या वर्षीच्या कार्तिकात मी मुद्दाम रजा काढून गावी आले. सकाळी मामांच्या मेंढरांमागून निघाले, हातात तुराटीसुद्धा घेतली, लहानपणीची गंमत म्हणून. डोहाच्या वाटेवर तारेचं कुंपण होतं आणि फाटक. फाटकावर बोर्ड: खासगी परिसर, शांतता राखा. आत गावातलाच एक ओळखीचा गडी, गणवेश घालून.

"मामा, मला बोलू नगा. मी पगारी मानूस," तो आधीच म्हणाला.

"तुला कोन बोलायलंय? मेंढरायला सांग की, बोर्ड वाचा म्हनावं."

गडी खाली बघून हसला, पण फाटक उघडलं नाही. चांदी फाटकाला नाक लावून उभी होती. तिला पलीकडचं पाणी दिसत होतं, आणि ती दरवर्षीची वाट. मामा बराच वेळ थांबले. पाहुणे आलेले, साडू आलेले, सगळ्यांचा एक दिवस मोडून आलेले. शेवटी कुणीतरी म्हणालं, वरच्या अंगाला घालून बघू.

वरच्या अंगाला काळा गाळ. मामांनी काठावर कापसाच्या पळाट्या टाकल्या, तुराट्या टाकल्या. चांदी सवयीनं आधी उतरली आणि पोटापर्यंत रुतली. आणि मेंढरांची जात अशी, की पुढची जिथं गेली तिथं मागची जाणार. दहा-बारा तिच्या अंगावरूनच उतरली. आम्ही ओढली, पुरुषांनी ओढली, मीही त्या गाळात उतरले. बाकीची निघाली. चांदी निघाली तेव्हा तिच्या नाकातोंडात गाळ होता. मामांनी तिला बांधावर आडवी केली, पोट दाबलं, तोंडात बोटं घालून गाळ काढला. मग थांबले. तिच्या गळ्यातली घंटा सोडली, नदीच्या पाण्यात नीट धुतली, आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. चालताना ती खिशात वाजत होती.

त्या वर्षी मेंढरं न धुताच कातरली. तसली लोकर घोंगडीवाल्यानं घेतली नाही. मी म्हटलं, मामा, लोकरीला तसाही आता भाव कुठं राहिलाय. मला वाटलं मी त्यांची समजूत काढते आहे. ते म्हणाले, "लोकरीला कोन इचारतंय, माय? पर त्या मुक्या जीवाच्या अंगाचं वझं उतराया पायजे का न्हाई? गोचिडानं बेजार झालीत ती."

बाबांनी वाटेसाठी अर्ज लिहिला. वर्षानुवर्षांची वहिवाट आहे, मेंढरांची वाट मोकळी ठेवा. पंचनाम्याला तलाठी आले. सगळे त्याच वाळूवर उभे होते: बाबा, मामा, मामी, गावातली चार माणसं, आणि मालकांकडचा व्यवस्थापक. त्यानं पुस्तिका पुढं केली. "हे बघा, इथं कुणाचा वावर नव्हता. तुमच्याच गावच्या माणसानं लिहिलंय."

तलाठ्यांनी ती बाबांच्या हातात दिली. "वाचा, गुरुजी."

बाबा वर्गात वाचायचे तसं खणखणीत वाचायला लागले. या डोहाला अजून माणसाचा पाय. तिथं आवाज थांबला. मी खडकावर उभी होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांना कळलं. माझं वाक्य त्यांना कळणार नाही असं कसं होईल, वाक्य कसं थांबवायचं हे त्यांनीच तर शिकवलं होतं.

"काय लिव्हलंय, गुरुजी?" मामांनी विचारलं.

"लिहिलंय, इथं कुणी येत नाही."

"मंग आमी कोन? भुतं?"

सगळे हसले. तलाठीही हसले. मामा स्वतः सगळ्यांत जास्त हसले.

कागद म्हणून त्या पुस्तिकेची काही किंमत नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ती प्रकरणाला जोडली गेली. घरी येताना बाबा माझ्यापुढं चार पावलं चालत होते. दारात थांबले. "वाक्य चांगलं आहे," म्हणाले. मग चपला काढता काढता, "नाव का नाही टाकलंस?" मला रागावले असते तर मी भांडले असते. भांडायला मला येतं.

दुसऱ्या दिवशी मी मामांच्या दारात गेले आणि सांगितलं, ते मी लिहिलं. मामी धान्य निवडत होती, तिचा हात थांबला. मामा म्हणाले, "आन् आदी मेंढरायचं लिव्हलं व्हतंस म्हनतीस, ते हाय का तुझ्यापाशी?" फोनमध्ये होतं. मी वाचून दाखवलं. ते डोळे मिटून ऐकत होते. "खडकावरून न्हाई उतरवत," म्हणाले. "वाळूवरून. खडकावर काढत्यात. नीट लिव्ह." जे छापायच्या आधी करायचं ते मी असं दोन वर्षांनी केलं. कचेरीत लेखी दिलं: वाक्य खोटं आहे, लिहिणारी मी आहे, खाली सही. प्रकरण चालू आहे. तारीख पडते, पुढं जाते.

कधी कधी मी कुंपणाबाहेरून खडकामागचा तो गवताचा उतार बघते. पाहुण्यांना बसायला तो उतार सगळ्यांत देखणा, असं मीच लिहिलं होतं. मेंढरं थांबल्यापासून तिथं गाजरगवत माजलंय, आणि ते उपटायला बाया लावाव्या लागतात. तेव्हा मला कळलं की ते कोवळं गवत निसर्गानं एकट्यानं केलेलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या मेंढरं रोज पाण्याला येऊन तिथं चरली, धुण्याच्या दिवसांत वाळत उभी राहिली, लेंड्या टाकत राहिली, नको ते खुडत राहिली, म्हणून तो उतार तसा होता. आपण ज्याला अस्पर्श म्हणून हरखतो, त्यावर कुणाचे तरी पाय रोज पडत आलेले असतात. आमच्या आजीचा हात लागला तर पाणी बाटायचं म्हणत. मी तिची नात, मी लिहिलं की त्या पाण्याला कुणी शिवलंच नाही. यापेक्षा मोठं बाटवणं मला माहीत नाही. वीज किती वाचली, पाणी किती वाचलं, हे त्या आठ खोल्यांत रोज मोजतात. माणसं किती वाचली, हे मोजायचं राहून गेलं, आणि ते राहून जाण्यात माझा हात आहे.

परवा एसटीतून उतरले ती थेट मामांकडे गेले. खुंटीला चांदीची घंटा लटकत होती. यंदा ती कुणाच्याच गळ्यात बांधलेली नाही. मामी म्हणाली, व्यवस्थापक येऊन गेला. सुट्ट्यांत पाहुणे येणारेत, त्यांना मेंढपाळाचं जगणं दाखवायचंय. मामांनी घोंगडी घेऊन, फेटा बांधून संध्याकाळी फाटकातून आत यायचं, सोबत दहा मेंढरं.

"धुऊन आना म्हनला," मामा म्हणाले. "वास येतोय म्हनं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्या म्हनलं, आनतो की. कुटं धुऊ तेवढं सांगा."

यावर मामी हसली. मामा हसले नाहीत. ते घंटेकडे बघत होते.

तर वाचकहो, या कार्तिकात किंवा पुढच्या, नदीकाठच्या मातीच्या खोलीत तुम्ही उतरलात आणि उशाशी जाड, खरखरीत कागदाची एक पुस्तिका सापडली, तर तिचं तिसरं पान उघडा. मागच्या पानावर लिहिलंय, वाचून झाल्यावर मातीत पुरा. पुरू नका. पेन काढा, माझं ते वाक्य खोडा, आणि त्याखाली ठळक अक्षरात लिहा: इथं मेंढरं धुतात. खाली तुमचं नाव टाका. मग उतरून फाटकापर्यंत जा आणि ते उघडायला सांगा.